लाया सान्झ : दगडावर घडलेली कारकीर्द

नागपूरकर श्रोतेहो,

मोटरसायकलचा खेळ म्हटला की आपल्याला वेग आठवतो. आज ज्या खेळाविषयी आणि त्यातल्या लाया सान्झ या स्पॅनिश खेळाडूविषयी बोलायचे आहे, त्या खेळात वेगाला फारसा मान नाही. ट्रायल या प्रकारात खडक, ओढ्याचे पात्र, चिखलाचा चढ अशा अवघड जागा दोन्ही बाजूंनी खुणा लावून आखून घेतात. अशा प्रत्येक टप्प्यावर पंच उभा असतो आणि तो फक्त चुका मोजतो. पाय एकदा जमिनीला टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा अधिक वेळा टेकला तर तीन आणि गाडी पडली किंवा खुणांबाहेर गेली तर पाच. दिवसअखेर ज्याच्या नावावर सर्वांत कमी गुण, तो विजेता. ज्या शहरात गिट्टीखदान नावाची वस्ती आहे, तेथील लोकांना दगडाची ओळख वेगळी करून द्यायला नको. त्या दगडावर गाडी कशी चढते, एवढेच सांगावे लागेल.

या गाडीला बसण्यासारखी सीटच नसते, कारण चालक सारा वेळ पायदानांवर उभा असतो. गाडीचे वजन साधारण सत्तर किलो, आणि टायरमध्ये हवा इतकी कमी की रबर दगडाला चिकटून दबावे. छातीएवढा उभा खडक समोर आला की चालक गुडघ्यांत वाकतो, एका बोटाने क्लच धरून इंजिनचा जोर साठवतो आणि क्लच सोडतो. पुढचे चाक उचलून खडकाच्या तोंडावर टेकते, दबलेले मागचे सस्पेन्शन उसळी घेते, आणि नेमक्या त्याच क्षणी चालकाने पाय ताठ करून अंग पुढे न्यावे लागते. हे थोडे आधी झाले तर मागचे चाक घसरते, थोडे उशिरा झाले तर गाडी अंगावर येते. दांडग्या ताकदीपेक्षा येथे वेळ साधणे महत्त्वाचे असते. मात्र उंची आणि वजन यांचा काहीच संबंध नाही, असे म्हणणेही खरे नव्हे. हलक्या चालकाला सत्तर किलोंची गाडी अंगाच्या जोराने फिरवताना अधिक कष्ट पडतात.

लाया सान्झ हिचा जन्म 1985 च्या डिसेंबरात स्पेनमधील कॅटालोनिया प्रांतात, बार्सिलोनाजवळ झाला. हा तपशील केवळ चरित्रापुरता नाही. माँटेसा, बुल्टाको आणि ओसा हे ट्रायलच्या गाड्यांसाठी नावाजलेले कारखाने याच बार्सिलोना परिसरातले, आणि त्यामुळे तेथे या खेळाला गाड्या, जाणकार आणि सरावाच्या जागा हे सारे घराजवळ मिळत असे. लहानग्या लायाच्या वाट्याला मात्र मुलींचा गट आला नाही, कारण तो नव्हताच. ती मुलांबरोबर खेळली, त्यांच्याच खडकांवर आणि त्यांच्याच गुणपत्रिकेवर. तिच्या पुढच्या यशाचा पाया तेथे पडला, असे माझे मत आहे.

महिलांची जागतिक ट्रायल स्पर्धा 2000 मध्ये सुरू झाली आणि चौदा वर्षांच्या लायाने ती जिंकली. त्यानंतर 2006 पर्यंत हे पद तिच्याकडेच राहिले. 2007 मध्ये ते एका जर्मन खेळाडूकडे गेले, आणि 2008 पासून 2013 पर्यंत ते पुन्हा सलग लायाकडे आले. एकूण तेरा. हा आकडा ऐकून काही जण म्हणतात की महिलांच्या गटात चुरसच नसेल. हा आक्षेप मला थिल्लर वाटतो. पण त्याचे उत्तर तिने स्वतःच दिले आहे, आणि तेही दुसऱ्याच मैदानात.

2011 मध्ये तिने डकार रॅलीत पाऊल ठेवले. डकार म्हणजे सुमारे दोन आठवडे वाळवंट, डोंगर आणि खडकाळ वाटांतून हजारो किलोमीटर. बायकांना वेगळी वाट नाही, वेगळे अंतर नाही. 2015 च्या दक्षिण अमेरिकेतील डकारमध्ये ती मोटरसायकलींच्या एकूण यादीत नववी आली. त्या गटात कोणत्याही स्त्रीला इतके वरचे स्थान त्यापूर्वी मिळालेले नव्हते. त्याच वर्षी बंगळूरचा सी. एस. संतोष डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तो छत्तिसावा. 2011 ते 2021 या काळात तिने मोटरसायकलवर अकरा डकार केल्या आणि अकराही पूर्ण केल्या. शर्यतीच्या आठव्या-नवव्या दिवशी थकलेल्या शरीराने दगडांच्या नाल्यातून गाडी न पाडता बाहेर काढणे, हे ट्रायलचेच शिक्षण आहे. मधल्या काळात एन्ड्युरो या, म्हणजे खडतर वाटांवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या प्रकारातही तिने महिलांची विश्वविजेतेपदे मिळवली.

स्त्रिया या खेळात 2000 मध्ये आल्या, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. 1927 मध्ये इंग्लंडमधील अँबलसाइड येथे झालेल्या इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायलमध्ये मार्जरी कॉटल, इडिथ फोली आणि लुई मॅक्लीन या तिघींच्या ब्रिटिश संघाने सिल्व्हर व्हाज हा आंतरराष्ट्रीय चषक जिंकला होता. ती स्पर्धा आजच्या ट्रायलहून वेगळी, गाडीच्या टिकाऊपणाची कसोटी पाहणारी होती. तरीही तेथून महिलांच्या जागतिक ट्रायल स्पर्धेपर्यंत यायला 73 वर्षे लागली. इतक्या वर्षांत चालवणाऱ्या बायका होत्याच, त्यांच्या निकालाला स्वतंत्र जागा नव्हती. मुलांत खेळून लायाचा हात तयार झाला आणि महिलांच्या गटामुळे तो जगाला दिसला. या दोहोंपैकी एकच गोष्ट पुरेशी मानणाऱ्यांशी माझे जमत नाही.

आता आपल्याकडे पाहू. नागपुरात शाळकरी मुली सायकलवर आणि कॉलेजच्या मुली स्कूटीवर सर्रास दिसतात, त्यामुळे दोन चाकांचे वावडे कोणालाच नाही. बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्से हिने 2019 मध्ये बाहा, म्हणजे डकारपेक्षा छोट्या खडतर रॅलींच्या प्रकारात महिलांचा जागतिक करंडक जिंकला, तेव्हा भारतीय मुलगी हे करू शकते का, हा प्रश्नही निकालात निघाला. ट्रायलला तर शर्यतीचा ट्रॅकही लागत नाही. रीतसर परवानगी घेतलेली एखादी बंद खदान, खुणांच्या फिती, हेल्मेट, दोन-तीन जुन्या हलक्या गाड्या आणि प्रामाणिक पंच एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्या वर्षी वेगळ्या गटापुरत्या मुली जमल्या नाहीत, तर त्यांना मुलांबरोबरच त्याच टप्प्यांवर उतरवावे. निकालाच्या फलकावर मात्र त्यांची यादी पहिल्या दिवसापासून वेगळी लावावी, मग तिच्यात नावे दोनच का असेनात.