पॉलिबियस : रोमने ओलीस नेलेला इतिहासकार

इ.स.पू. 168 मध्ये पिडनाच्या लढाईत मॅसिडोनियाचा राजा पर्सियस पराभूत झाला आणि पुढच्याच वर्षी रोमने ग्रीसमधील आपल्या संशयितांकडे मोर्चा वळवला. अकीयन संघ या ग्रीक नगरराज्यांच्या संघातील एक हजार प्रतिष्ठितांना चौकशीच्या नावाखाली इटलीत नेण्यात आले. चौकशी मात्र कधीच झाली नाही. त्यांच्यात मेगालोपोलिसचा पॉलिबियस होता. त्याचे वडील लिकोर्टस संघाचे सेनापती होते, तो स्वतः घोडदळाचा प्रमुख राहिला होता आणि संघाचा वीर सेनापती फिलोपोमेन याचा अस्थिकलश अंत्ययात्रेत वाहण्याचा मान त्याला तरुणपणीच मिळाला होता.

इतर ओलिसांची रवानगी इटलीतील लहानमोठ्या गावांत झाली. पॉलिबियस रोममध्येच राहू शकला, तो पिडनाचा विजेता एमिलियस पॉलस याच्या मुलांमुळे. ओळख पुस्तकांच्या देवघेवीतून झाली. एकदा त्या मुलांपैकी धाकट्याने, स्किपिओ घराण्यात दत्तक गेलेल्या स्किपिओने, वय अवघे अठरा, थोडे लाजतच त्याला विचारले, की तुम्ही नेहमी माझ्या भावाशीच का बोलता, लोकांप्रमाणे तुम्हीही मला आळशी आणि निस्तेज समजता का? पॉलिबियसने त्याला धीर दिला आणि तिथून आयुष्यभराचा स्नेह जुळला.

ज्या सत्तेने आपल्याला बंदी केले, ती जवळून पाहताना त्याला एकाच प्रश्नाने झपाटले : उण्यापुऱ्या 53 वर्षांत जवळजवळ सारे ज्ञात जग रोमच्या अमलाखाली आले कसे? उत्तर शोधताना त्याने 40 खंड लिहिले. रोमच्या राज्यव्यवस्थेत राजसत्ता, सरदारसत्ता आणि लोकसत्ता एकमेकींना आवर घालतात, हे त्याचे विवेचन सहाव्या खंडात आहे.

इतिहास बसल्या जागी लिहिता येत नाही, असे त्याचे ठाम मत होते. जवळजवळ 50 वर्षे अथेन्समध्ये राहून केवळ ग्रंथांच्या आधारे लिहिणाऱ्या टिमियस या इतिहासकारावर त्याने जो प्रहार केला, तो मला काहीसा निष्ठुर वाटतो. पण स्वतःचा नियम त्याने स्वतः पाळला. रोमवर चालून आलेला कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचा मार्ग समजावा म्हणून तो आल्प्स पर्वत ओलांडून गेला. हॅनिबल इटलीत उतरला तेव्हा त्याच्याजवळ 20,000 पायदळ आणि सुमारे 6,000 घोडेस्वार होते, हा आकडा त्याने दक्षिण इटलीतील लॅसिनियम येथे हॅनिबलनेच कोरवून घेतलेल्या लेखातून उतरवून घेतला.

इ.स.पू. 150 मध्ये उरलेल्या सुमारे तीनशे ओलिसांना मायदेशी जाऊ द्यायचे ठरले, तेही काही म्हाताऱ्या ग्रीकांचे अंत्यविधी इथे व्हावेत की तिथे, यावर दिवसभर खल कशाला, असे ज्येष्ठ रोमन मुत्सद्दी केटोने सेनेटला फटकारल्यावर. चार वर्षांनी रोमचे शत्रुनगर कार्थेज जळत असताना पॉलिबियस स्किपिओच्या शेजारी उभा होता. ट्रॉयच्या विनाशाविषयीच्या होमरच्या ओळी म्हणताना त्या विजेत्याचे डोळे भरून आले, कारण उद्या रोमवरही हीच वेळ येईल अशी भीती त्याला वाटत होती. त्याच वर्षी रोमन सैन्याने ग्रीसमधील कॉरिंथ शहर लुटले, आणि जमिनीवर फेकलेल्या चित्रांवर सैनिक फासे खेळत असल्याचे पॉलिबियसने स्वतः पाहिले. त्यानंतर ग्रीक नगरांची घडी बसवण्याचे काम रोमने त्याच्यावर सोपवले. फिलोपोमेनचे पुतळे हटवू नयेत म्हणून तो रोमन अधिकाऱ्यांपुढे बोलला. जप्त मालमत्तेतला वाटा देऊ केला, तो त्याने नाकारला.

तो निःपक्षपाती होता असे म्हणता येत नाही. अकीयन संघाचे ग्रीक प्रतिस्पर्धी असलेल्या एटोलियन लोकांविषयी तो कडवट लिहितो आणि स्किपिओच्या घराण्याविषयी हळवेपणाने. त्याची शैलीही रुक्ष. शेवटपर्यंत वाचवत नाहीत अशा लेखकांत ग्रीक समीक्षक डायोनिसियसने त्याची गणना केली. तरीही रोमन इतिहासकार लिव्हीने त्याच्या ग्रंथाचा भरपूर आधार घेतला आणि पुढे अनेक शतकांनी इटालियन राजकीय विचारवंत मॅकियाव्हेलीच्या लेखनात त्या सहाव्या खंडातील विचार पुन्हा उमटले. चाळीसपैकी पहिले पाच खंडच आज अखंड उपलब्ध आहेत. बाकीच्यांचे बरेचसे उतारे दहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने करवून घेतलेल्या संकलनांमुळे वाचले.