नजरेचा दोष डोळ्यामागे असतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

चष्म्याचा नंबर बरोबर आहे, मोतीबिंदू नाही, पडदाही स्वच्छ आहे आणि तरीही रुग्ण नीट दिसत नसल्याचे सांगतो, तेव्हा दोष डोळ्याच्या मागे, म्हणजे दृष्टीच्या नसेत किंवा मेंदूत शोधावा लागतो.

प्रत्येक डोळ्याच्या नसेत दहा लाखांहून अधिक तंतू असतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या वर दोन्ही नसा एकत्र येतात आणि तिथे नाकाकडच्या बाजूचे तंतू पलीकडे ओलांडून जातात. निदानाची किल्ली या फुलीत आहे. बिघाड फुलीच्या अलीकडे असेल तर एकाच डोळ्याची नजर जाते. ग्रंथीची गाठ फुलीवर दाबत असेल तर दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या कडेचे दिसेनासे होते. आणि बिघाड पलीकडे असेल तर दोन्ही डोळ्यांचा एकाच बाजूचा भाग हरपतो. मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघाताचा झटका आलेला रुग्ण ‘डावा डोळा गेला’ असे सांगतो, पण डावा डोळा झाकला तरी उजव्या डोळ्यालाही समोरची डावी बाजू दिसत नाही. वाचताना ओळीची सुरुवातच त्याला सापडत नाही.

तपासणीची पहिली साधने अगदी साधी असतात. औषधाच्या बाटलीचे लाल झाकण एका डोळ्याला लालभडक आणि दुसऱ्याला विटकरी दिसले, तर नसेचा दाह असण्याची शंका येते; डोळा फिरवताना दुखत असेल तर ती बळावते. बॅटरीचा उजेड चांगल्या डोळ्यावरून आजारी डोळ्यावर नेला की बाहुली आकसण्याऐवजी मोठी होते. एमआरआय त्यानंतरचा; नेमके कुठे पाहायचे हे ठरले नसेल, तर महागडे चित्रही फारसे बोलत नाही, असे माझे मत आहे.

या दाहावर शिरेतून स्टेरॉइड दिल्यास नजर लवकर सुधारते, पण महिन्यांनंतरची अंतिम दृष्टी त्याने फारशी बदलत नाही. नेहमीच्या मात्रेत नुसत्या गोळ्या दिल्यास दाह उलटण्याचे प्रमाण वाढते, हे 1992 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसले. पन्नाशीपुढच्या व्यक्तीला कानशिलाशी दुखत असेल, घास चावताना जबडा भरून येत असेल आणि नजर अचानक अंधारत असेल, तर मात्र कानशिलाच्या रक्तवाहिनीला दाह झाल्याची शंका असते; तेव्हा तिच्या तुकड्याच्या तपासणीची वाट न पाहता स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू करतात, कारण दुसरा डोळाही थोड्याच दिवसांत जाऊ शकतो.

एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर आधी एक डोळा झाकून पाहावा. दुसरी प्रतिमा नाहीशी झाली, तर दोन्ही डोळ्यांचा मेळ बिघडलेला असतो. मधुमेहामुळे असे झाले असेल तर बहुधा काही महिन्यांत ते आपोआप सुधारते आणि तोवर दोन्ही प्रतिमा जुळवून देणारा प्रिझमचा चष्मा भागवतो. मात्र त्याच वेळी पापणी खाली आली आणि बाहुली मोठी झाली, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा नसेवर दाबत असू शकतो. अशा रुग्णाला त्याच घटकेला रुग्णालयात न्यावे.