गोळी घेण्याआधी विचारा

[दृश्य : मेडिकलचं दुकान, संध्याकाळची गर्दी]

"जुलाब होतायत, काहीतरी द्या." ओफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोल या अँटिबायोटिकची पट्टी पुढे सरकते. चिठ्ठी कुणी मागत नाही. पण मागणाऱ्या माणसाची कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारा उपचार, चालू असेल, तर ही पट्टी घातक ठरू शकते.

[दृश्य : सलाईन, डे-केअर वॉर्ड]

निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं कॅन्सरला थेट मारत नाहीत. आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, तो ही औषधं सोडवतात. तो ब्रेक शोधणारे जपानचे तासुकू होन्जो २०१८ च्या नोबेलचे एक मानकरी.

ब्रेक सुटलेल्या पेशी कधीकधी आपल्याच आतड्यावर उलटतात, आणि जुलाब लागतात. जंतुसंसर्ग नसतोच. तिथे बहुतेकदा सूज उतरवणारं स्टेरॉइड लागतं, तेही वेळेत. अँटिबायोटिकच्या नादात मोलाचे दिवस जातात. नवा खोकला किंवा धाप लागली, तरी हाच धोका. तेव्हा सूज फुप्फुसाला असू शकते.

[दृश्य : प्रयोगशाळा]

अँटिबायोटिक जपून घेण्याचं दुसरं कारण पोटातल्या उपयोगी जिवाणूंचं. अँटिबायोटिकने तेही मरतात. पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की उपचार सुरू होण्याच्या आसपास अँटिबायोटिक घेतलेले रुग्ण सरासरी कमी जगले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१९ मध्ये इम्युनोथेरपीच्या १९६ रुग्णांची माहिती मांडली. उपचाराआधीच्या महिनाभरात अँटिबायोटिक घेतलेल्यांचं मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) २ महिने, न घेतलेल्यांचं २६ महिने. आकडा अंगावर येतो. मात्र ज्यांना अँटिबायोटिक लागलं, ते आधीच जास्त आजारी असू शकतात. सगळा दोष गोळीवर टाकता येणार नाही. उपचार चालू असताना घेतलेल्या अँटिबायोटिकचा असा परिणाम त्या अभ्यासात दिसला नाही.

म्हणून, ताप आला तरी अँटिबायोटिक नकोच, असं ठरवून बसू नका. ते त्याहून वाईट. तोंडाच्या कॅन्सरमध्ये घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, लघवीचा संसर्ग रक्तात पसरतो. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक लगेच सुरू करायचं आणि ते सांगतील तितके दिवस घ्यायचं. साध्या सर्दीला, "असू दे हाताशी" म्हणून घेतलेली गोळी मात्र टाळायलाच हवी.

[दृश्य : परळ, टाटा हॉस्पिटलबाहेरचा रस्ता]

इथल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, सोबत केमोच्या गोळ्या, असा उपचार यशस्वी करून दाखवला. नेहमीच्या मात्रेहून कितीतरी कमी. हे औषध अशाने साध्या घरांच्याही आवाक्यात येऊ शकतं, आणि त्या घरांचा पहिला दवाखाना म्हणजे कोपऱ्यावरचं मेडिकल.

तेव्हा फॅमिली डॉक्टर असोत, दाताचे असोत की मेडिकलवाले, आधी सांगा : "माझी इम्युनोथेरपी चालू आहे." नुसतं "केमो" म्हणू नका. जुलाब वाढले, धाप लागली, ताप आला, तर त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. शेवटचा डोस होऊन काही महिने झाले असतील, तरीसुद्धा.