कॅमेऱ्यानं मोजण्याआधी

(दृश्य : मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब, म्हणजे घडवलेला धातूचा भाग, कॅमेऱ्याखाली. शेजारी व्हर्निअर, म्हणजे हातानं माप घ्यायचं साधन.)

लेन्स ८ मिलिमीटर फोकल लेंथची (नाभीय अंतराची), जॉब तिच्यापासून ४० सेंटिमीटरवर. सेन्सरवरचा एक पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा, जॉबवर तोच पिक्सेल साधारण ०.१७ मिलिमीटर जागा व्यापतो. शेजारचं व्हर्निअर मात्र ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचतं.

कॅमेऱ्यालाही तिथवर पोहोचता येतं. जॉबच्या कडेला काळ्याचं पांढरं एका फटक्यात होत नाही, मधे करड्या पिक्सेलांची झालर असते. त्या छटा वाचून कडेची जागा पिक्सेलच्या दहाव्या हिश्शापर्यंत काढतात. पण लेन्स चित्राच्या कोपऱ्यांकडे सरळ रेघ वाकवत असेल, तर एवढी बारीक मेहनत पाण्यात जाते.

(दृश्य : काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा पट, हातात तिरका धरलेला.)

हा वाकडेपणा काढायची आज सर्रास वापरली जाणारी पद्धत झेंगयू झांग यांची. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये असताना त्यांनी ती मांडली. २००० साली ती सविस्तर छापून आली. त्याआधी अचूक कॅलिब्रेशनला, म्हणजे ओळखीच्या मापाची वस्तू दाखवून कॅमेऱ्याचं गणित बसवायला, काटकोनात बसवलेल्या दोन-तीन पृष्ठभागांचं महागडं साधन लागायचं. झांग यांना एक छापील पट पुरला. १७ सेंटिमीटरचा तो पट त्यांनी काचेवर लावला आणि वेगवेगळ्या कोनांतून ५ फोटो घेतले.

काच इथे महत्त्वाची आहे. कारण पट सपाट आहे, या एका गृहीतावर सगळं गणित उभं आहे. कागद पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवला, की पावसाळी हवेत तो मधेच पोट धरतो. सॉफ्टवेअरला ते पोट दिसत नाही. ते सगळं खापर लेन्सवर फोडतं आणि नसलेला वाकडेपणा दुरुस्त करून देतं! छापतानाही ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला, तर १५ मिलिमीटरचा चौकोन १४.५ होऊन बाहेर येतो. म्हणून व्हर्निअर एका चौकोनाला न लावता दहा चौकोनांना मिळून लावावं आणि दहानं भागावं. आडवंही, उभंही; प्रिंटर दोन्ही दिशांना सारखंच छापेल असं नाही.

मग फोटो. पट अगदी समोर सरळ धरून वीस-वीस फोटो काढले जातात आणि ते वाया जातात. सरळ धरलेल्या पटावरून फोकल लेंथ जास्त आहे की पटच जवळ आहे, हे गणिताला ओळखता येत नाही. पट तिरका केला की जवळची बाजू मोठी, लांबची लहान दिसते, आणि त्या फरकातूनच फोकल लेंथ सुटते. वाकडेपणा कोपऱ्यांत सर्वाधिक, म्हणून पट तिथेही न्यायचा. ऑटोफोकस बंद. लेन्सच्या रिंगा स्क्रूनं घट्ट.

(दृश्य : स्क्रीनवर आकडा – ०.१ पिक्सेल.)

याला रीप्रोजेक्शन एरर म्हणतात : पटावरचे कोपरे गणितानुसार जिथे यायला हवेत आणि फोटोत जिथे दिसतात, त्यातला फरक. हा आकडा पाहून बहुतेकजण कॅलिब्रेशन झालं असं समजतात. आमच्या मते खरं काम इथून सुरू होतं. गणित त्याच फोटोंशी जुळलं, एवढंच हा आकडा सांगतो. मोजकेच, एकाच धाटणीचे फोटो दिले तरी तो देखणा येतो.

(दृश्य : स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचा ठोकळा, आधी मध्यभागी, मग एकेका कोपऱ्यात.)

परीक्षा घ्यायची ती कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेल्या वस्तूवर. ५० मिलिमीटरचा स्लिप गेज मध्यभागी मोजा, चारही कोपऱ्यांत मोजा, तिरका ठेवून मोजा. फक्त कोपऱ्यांत माप चुकत असेल, तर लेन्सचा वाकडेपणा नीट सुटलेला नाही. सगळीकडे सारख्याच प्रमाणात चुकत असेल, तर चौकोनाचं माप चुकलंय, किंवा गेजचा वरचा पृष्ठभाग पटाच्या उंचीवर नाही.

ही उंचीची चूक दिसते त्याहून महागात पडते. ४० सेंटिमीटर अंतरावर २ मिलिमीटर म्हणजे अर्धा टक्का. १०० मिलिमीटरचा जॉब १००.५ दिसू लागतो. म्हणून जॉबची मोजायची कड ज्या उंचीवर येणार, नेमक्या त्याच उंचीवर पट ठेवून शेवटचा फोटो घ्यायचा.