खोक्यावरचा आकडा

(खानदेशातील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'ओपनडब्ल्यूआरटी वन' या नव्या, परवडणाऱ्या राउटरचा. त्याच्याकडे येतोच. पण त्याआधी तुम्हाला उधना-जळगाव लाइनवर नेतो.

ही लाइन एकेरी होती तेव्हा सुरतेला कोण कोण गेलंय? बघा, अर्धी सभा! गाडी झोकात निघायची आणि नरडाण्याला नाहीतर दोंडाईचाला क्रॉसिंगला उभी. समोरची मालगाडी निघून जाईपर्यंत आपण शेंगा सोलत बसायचो. इंजिनात दम होता, भुसावळचं यार्ड एवढं अवाढव्य, पण पुढे रूळ एकच. दुहेरीकरण झालं तेव्हा कुठे सुटलो.

आता आमच्या अभ्यासिकेचं सांगतो, कारण ते अजून मनातून जात नाही. स्पर्धा परीक्षेची चाळीस मुलं. वर्गणी काढून 300 एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं. राउटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 1200. आणि स्पीड मोजला तर 94. सकाळी 94, रात्री मुलं गेल्यावरही 94. तीन महिने हेच. लाइनवाला म्हणे, आमच्याकडून पूर्ण येतंय. दुकानदार म्हणे, तुमच्या भिंती मातीच्या, धाब्याचं घर. मातीची जाड भिंत पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल खाते, हे खरंच आहे. पण लॅपटॉप वायरने जोडला तरी 94! वायरीला भिंत कुठून आडवी येणार? मुलं रोज विचारायची, "काय व्हयनं भो?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका पोराचा ऑनलाइन अर्ज शेवटच्या रात्री अडकला, तेव्हा मला झोप लागली नाही.

शेवटी खोकं उलटं केलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं: पोर्ट 10/100. म्हणजे वायर जिथे खोचतो तो दरवाजाच शंभराचा, आणि त्यातून कामाला उरतात 94-95. शंभराचं ते मानक 1995 सालचं. तांब्याच्या वायरीवर गिगाबिट, म्हणजे हजाराचं, 1999 सालीच आलं होतं. मग 1200 आले कुठून? वायफायच्या दोन पट्ट्यांची कागदावरची बेरीज: 300 आणि 867, वर थोडं फुगवून. भुसावळचं यार्ड दाखवून एकेरी रूळ विकला आम्हाला. मुलांच्या वर्गणीतून घेतलेल्या वस्तूबाबत हे व्हावं, याचा राग मला आजही येतो.

दहाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा भरभर सांगतो.

पत्रिकेतला हा ओपनडब्ल्यूआरटी वन 2024च्या नोव्हेंबरात विक्रीला आला, तेव्हा किंमत 89 डॉलर. तेव्हाच्या भावाने साडेसात हजारांच्या आसपास, टपाल आणि आयात शुल्क वेगळं. वायफाय 6, म्हणजे वायफायची सहावी पिढी, आहे. पोर्ट दोनच, पण एक अडीच गिगाबिटचं आणि दुसरं एक गिगाबिटचं. म्हणजे रूळ दुहेरी. आत दोन वेगळ्या मेमरी आहेत. नवं सॉफ्टवेअर भरताना वीज गेली (आपल्याकडे जातेच) तर मुख्य मेमरी बिघडेल, पण एक बटण सरकवून दुसरीवरून राउटर पुन्हा उभा करता येतो. आणि त्यातलं सॉफ्टवेअर, ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाचं, 2004 पासून जगभरचे लोक मिळून उघडपणे लिहितात. कंपनीने हात झटकले म्हणून ते मरत नाही. एकाने मोठी फाइल चढवायला घेतली की बाकीच्यांचा क्लास अडकतो ना, ती रांग सांभाळायचीही सोय त्यात आहे. विक्रीतले दहा डॉलर त्याच प्रकल्पाला जातात.

घरोघरी हाच घ्या असं मी म्हणणार नाही. दोन-अडीच हजारांत गिगाबिट पोर्टवाले इथेही मिळतात, चौघांच्या घराला तेवढे पुरतात. अभ्यासिकेला मात्र हाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि वायर बघा! शंभराला आठातल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. वायरीच्या टोकाच्या क्लिपमध्ये निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नाही, तर चांगला राउटरसुद्धा न सांगता शंभरावर उतरतो. इथे टेबलावर आमच्या अभ्यासिकेची जुनी वायर ठेवली आहे. जाताना क्लिप उजेडात धरा, तपकिरी तार अर्ध्यातच थांबलेली दिसेल.