तेवढ्याशा मुक्याचं राज्य

नमस्कार श्रोतेहो. आज जरा लांब, आयर्लंडला जाऊ. ओ'नील, ओ'ब्रायन ही तिथली आडनावं कानावर पडतात ना? त्यातला 'ओ' म्हणजे नातू, वंशज. 'मॅक' म्हणजे मुलगा. ओ नातवाचा, मॅक मुलाचा. 'ओ'नंतरचं ते स्वल्पविरामासारखं चिन्ह इंग्रजी लिखाणातून आलंय, आयरिशमध्ये 'ओ'वर नुसती तिरपी रेघ असते. दुसऱ्याचं नाव आहे तसं लिहायला काय जातं, कोण जाणे!

असो. मला मुळात सांगायचीय ती विहिरीची गोष्ट. तारा नावाच्या टेकडीवरच्या राजाला दोन बायका. मोंगफिननं सवतीला, करेनला, पाण्याला जुंपलं. दिवस भरलेले, तरी घडे वाहतेय. विहिरीकाठीच बाळंत झाली बिचारी. ते पोर म्हणजे नीअल.

पुढे नीअल आणि त्याचे चार सावत्र भाऊ शिकारीला गेले. मांस भाजलं, खाल्लं, आणि घशाला कोरड. विहिरीवर बसलेली एक म्हातारी. केस राठ, दात हिरवे, पार कानापर्यंत गेलेले. म्हणते, "मुका द्या, पाणी न्या." फर्गस परत फिरला. आयलिल फिरला. ब्रिओनही फिरला. फिआखरानं नुसते ओठ टेकवल्यासारखं केलं. नीअलनं मात्र सरळ मिठीच मारली! बघतो तर म्हातारीची तरुणी झालेली. "मी राजसत्ता," ती म्हणाली, "भाऊ तुझं थोरपण कबूल करीपर्यंत त्यांना पाणी देऊ नकोस." आणि त्यानं दिलं नाही हो! फिआखराला तेवढ्याशा मुक्याचं तेवढंसंच फळ: त्याच्या वंशात ताराचे दोनच राजे.

ही गोष्ट लिहिली गेली नीअलच्याच वंशजांची चलती असताना. भाट ज्याचं खातो त्याचंच गातो, आणि हे फक्त आयर्लंडात चालतं असं समजू नका.

आता आडनाव. ओ'नील हे या नीअलवरून नाही! 919 साली डब्लिनजवळ व्हायकिंग या दर्यावर्दी लुटारूंशी लढताना पडलेला दुसरा नीअल, 'काळ्या गुडघ्याचा', त्याच्यावरून. घराणं पहिल्या नीअलचं, आडनाव दुसऱ्याचं. ओ'ब्रायन तसंच, 1014 साली क्लॉन्टार्फला मारल्या गेलेल्या ब्रायन बोरू राजावरून.

पण युरोपातल्या सर्वांत जुन्या नोंदलेल्या आडनावांत गणलं जातं ते ओ'क्लेरी. नोंद 916 सालची, गॉलवेच्या दक्षिणेकडच्या एका सरदाराच्या मृत्यूची. घराणं कुणाचं? ओठ टेकवणाऱ्या फिआखराचं! क्लेरी म्हणजे पाद्री, लिहिणारा-वाचणारा. पुढे इंग्रजी अमलात त्यांच्यातल्या काहींनी ते सरळ 'क्लार्क' करून टाकलं.