अर्ध्या बँडचे अंतर

(दृश्य : टेबलावर ठेवलेले एक नमुना गुणपत्रक. कॅमेरा सावकाश चार आकड्यांवरून फिरतो.)

आपल्यासमोर आयईएलटीएस या इंग्रजी भाषा परीक्षेचे एक नमुना गुणपत्रक आहे. श्रवण 7.5, वाचन 7, संभाषण 7 आणि लेखन 6. या आकड्यांनाच बँड म्हणतात. या चार आकड्यांची सरासरी 6.875 येते आणि ती जवळच्या अर्ध्या बँडपर्यंत नेली की एकूण बँड 7 होतो. घरी फोन करून 'सात बँड आले' असे आनंदाने सांगावे, असा हा निकाल आहे. मात्र हे गुणपत्रक ब्रिटनमध्ये नोकरी करू इच्छिणाऱ्या एखाद्या परिचारिकेचे असेल, तर एवढ्यावर तिचे काम होत नाही. तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल श्रवण, वाचन आणि संभाषण या तिन्हींत किमान 7 आणि लेखनात किमान 6.5 बँड मागते. तिचा एकूण आकडा पुरेसा आहे, तीन कौशल्ये पुरेशी आहेत. कमी पडला आहे तो लेखनातला अर्धा बँड.

आयईएलटीएस 1989 साली सुरू झाली. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तीन संस्थांची तिच्यावर संयुक्त मालकी आहे. 0 ते 9 या मोजपट्टीवर उमेदवार कोठे उभा आहे, एवढेच ही परीक्षा सांगते. ती कोणाला उत्तीर्ण करत नाही आणि नापासही करत नाही; रेषा आखतात त्या विद्यापीठे, व्यावसायिक परिषदा आणि त्या त्या देशांची व्हिसा खाती. म्हणूनच 'किती बँड आले' या प्रश्नाच्या आधी 'कोणत्या कौशल्यात किती हवेत' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्री या कायमस्वरूपी स्थलांतराच्या पद्धतीत तर एकूण बँड पाहिलाच जात नाही. तेथील भाषेच्या मोजपट्टीवर नववी पातळी गाठायची असेल, तर वाचन, लेखन आणि संभाषणात प्रत्येकी 7 चालतात, पण श्रवणात 8 लागतात.

(दृश्य : कानावर हेडफोन लावलेले विद्यार्थी, नंतर संगणकाच्या पडद्यावरील उतारा.)

श्रवण आणि वाचन यांचे गणित उघड आहे. दोन्हींत 40 प्रश्न असतात, प्रत्येकाला एक गुण असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एकही जागा रिकामी सोडण्यात अर्थ नाही. साधारणपणे 23 उत्तरे बरोबर आली की 6, 30 आली की 7 आणि 35 आली की 8 बँड मिळतो. मुख्यतः नोकरी आणि स्थलांतरासाठी असलेल्या जनरल ट्रेनिंग प्रकारातील वाचनाचे उतारे तुलनेने सोपे असल्यामुळे तेथे 7 साठी 34 च्या आसपास उत्तरे बरोबर यावी लागतात. श्रवणातील ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते. बोलणारी व्यक्ती आधी मंगळवार म्हणते आणि पुढच्याच वाक्यात तो बदलून गुरुवार करते. शेवटचा 'एस' ऐकू न आल्याने अनेकवचन निसटते, शब्दाचे स्पेलिंग चुकते, किंवा दोनच शब्द लिहा असे सांगितलेले असताना तीन लिहिले जातात. हे गुण इंग्रजी येत नाही म्हणून जात नाहीत, आणि म्हणूनच ते सर्वांत लवकर परत मिळवता येतात.

वाचनात मराठी विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतो तो 'फॉल्स' आणि 'नॉट गिव्हन' यांच्यामध्ये. गावात दोन शाळा आहेत असे उताऱ्यात म्हटले असेल, तर 'गावात एकच शाळा आहे' हे विधान फॉल्स ठरते. 'गावातील शाळा जुन्या आहेत' या विधानाबद्दल मात्र उतारा गप्प आहे, म्हणून त्याचे उत्तर नॉट गिव्हन. वर्षानुवर्षे धड्याखालची उत्तरे पाठ करून आलेल्या मुलांना 'मजकुरात हे नाही' असे लिहिणे धाडसाचे वाटते, आणि ती स्वतःच्या सामान्यज्ञानाने ती रिकामी जागा भरून काढतात.

(दृश्य : वहीत निबंध लिहिणारा हात. घड्याळात चाळीस मिनिटे.)

लेखनाकडे आपण जास्त वेळ पाहणार आहोत, कारण सगळे पुरेसे असताना अर्धा बँड कमी पडतो तो बहुतेक वेळा येथेच. साठ मिनिटांत दोन टास्क लिहायचे असतात : पहिला किमान 150 शब्दांचा आणि दुसरा किमान 250 शब्दांचा. दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट असते. तरीही पहिल्या टास्कमधील आलेख सजवण्यात अर्धा तास घालवणारे विद्यार्थी अनेक आहेत. परीक्षक चार निकषांवर सारख्या वजनाने गुण देतो : विचारलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. हे निकष प्रत्येक टास्कसाठी एक अशा दोन कागदांत बँडनिहाय जाहीर केलेले आहेत आणि कोणालाही विनामूल्य वाचता येतात. परीक्षेचे शुल्क पंधरा हजार रुपयांच्या पुढे गेले आहे. एवढे पैसे भरून, अनेकदा शैक्षणिक कर्जाच्या विवंचनेत असताना, विद्यार्थी हे दोन कागद न वाचताच परीक्षेला बसतो, याचे मनापासून वाईट वाटते.

6 आणि 7 यांच्यात नेमका फरक काय, हे त्या कागदांत लिहिलेले आहे. 6 बँडच्या निबंधात मुद्दे विषयाला धरून असतात, पण काही मुद्दे नीट फुलवलेले नसतात. वाक्ये जोडणारे शब्द असतात, पण ते यांत्रिकपणे वापरलेले असतात. व्याकरणाच्या चुका होतात, मात्र त्यांमुळे अर्थ सहसा हरवत नाही. 7 बँडच्या निबंधात मुद्दा मांडून तो पुढे नेलेला असतो, त्याला आधार दिलेला असतो आणि निर्दोष वाक्ये वरचेवर आढळतात. प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडी 'फर्दरमोअर' आणि 'मोअरओव्हर' बसवल्याने सुसंगती येत नाही. पाठ केलेले प्रास्ताविक आणि अवघड शब्दांची यादी यांचाही उपयोग होत नाही. पाठ केलेली वाक्ये ओळखण्याचे प्रशिक्षण परीक्षकाला दिलेले असते. चार मुद्दे उल्लेखून सोडून देण्यापेक्षा दोन मुद्दे कारणासह आणि उदाहरणासह शेवटपर्यंत नेणे अधिक मोलाचे ठरते.

आता त्या निर्दोष वाक्यांविषयी. आपल्या इंग्रजीतील चुका मनाला येतील तशा होत नाहीत; त्यांपैकी पुष्कळशा मराठीच्या घडणीतून येतात, आणि म्हणूनच त्या ओळखता येतात. मराठीत 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' यांना समांतर शब्दच नाहीत, त्यामुळे ते गाळले तरी आपल्या कानाला काही खटकत नाही. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस' पुढे 'अबाउट' आपोआप येते; कोणाशी तरी लग्न करतो, म्हणून 'मॅरीड' पुढे 'विथ' येते. 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो' या वाक्यात मराठी साधा वर्तमानकाळ वापरते. तेच इंग्रजीत 'आय लिव्ह इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' असे उतरते, आणि 'हॅव बीन लिव्हिंग' व 'फॉर' दोन्ही हुकतात. 'माहिती' या शब्दाचे आपण अनेकवचन करत नाही, त्यामुळे 'इन्फर्मेशन' सहसा बरोबर येतो. 'सल्ला' या शब्दाचे 'सल्ले' होतात, म्हणून 'अ‍ॅडव्हायसेस' लिहिले जाते. आपल्या भाषेची अशी ओळख असलेला विद्यार्थी आपल्या चुकांची यादी स्वतःच तयार करू शकतो, आणि ती यादी बाजारातील कोणत्याही मार्गदर्शिकेपेक्षा त्याच्या अधिक कामाची असते.

(दृश्य : एक छोटी खोली, समोरासमोर दोन खुर्च्या.)

संभाषणाची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. दुसऱ्या भागात एक मिनिट तयारीला मिळते आणि त्यानंतर दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचे असते. येथे मराठी वळणाच्या उच्चारांचे गुण कापले जात नाहीत. बोलणे सहज समजते का, हे पाहिले जाते. त्यामुळे उसना विलायती हेल आणण्याची काहीच गरज नाही. आपण 'व्हिडिओ' आणि 'वॉटर' लिहिताना 'व्ह' आणि 'व' वेगळे ठेवतो. बोलताना मात्र दोन्ही एक होऊन जातात, आणि तेवढा भेद जिभेवर आणणे सरावाने जमते. शब्दातील आघात, म्हणजे शब्दाच्या कोणत्या भागावर जोर द्यायचा, ही याहून महत्त्वाची गोष्ट आहे. 'फोटोग्राफ' मध्ये आघात पहिल्या अक्षरावर असतो, तर 'फोटोग्राफर' मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो. मराठीत आघात बदलल्याने शब्द बदलत नाही, म्हणून आपले लक्ष तिकडे जात नाही. शब्दकोशात नवा शब्द पाहताना अर्थाबरोबर त्याची आघाताची खूणही टिपून ठेवावी.

निकाल हाती आल्यावर दोन मार्ग उघडे असतात. सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते, आणि बँड बदलला तर तिचे शुल्क परत मिळते. संगणकावर परीक्षा दिलेल्या उमेदवाराला साठ दिवसांच्या आत एकाच कौशल्याची परीक्षा पुन्हा देता येते. मात्र असे गुणपत्रक सर्वच संस्था स्वीकारत नाहीत, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी संबंधित संस्थेकडे चौकशी करावी. निकाल दोन वर्षे ग्राह्य धरला जातो.

(दृश्य : सकाळचे ऊन. कालचा निबंध उघडलेली वही आणि एक लाल पेन.)

पुन्हा बसायचे ठरले, तर लगेच नवा निबंध लिहायला घेऊ नये. कालचाच निबंध आज सकाळी वाचावा, एकेक वाक्य मोठ्याने. प्रत्येक नामापाशी थांबून त्याच्या आधी काही हवे होते का, हे पाहावे. प्रत्येक क्रियापदापाशी थांबून त्याचा कर्ता एक आहे की अनेक, हे तपासावे. एकही दुरुस्ती न लागलेल्या वाक्यासमोर छोटी खूण करावी आणि पान संपल्यावर त्या खुणा मोजाव्यात. पहिल्या दिवशी पंधरा वाक्यांत पाच खुणा निघतील. तो आकडा तारखेसह वहीच्या कोपऱ्यात लिहावा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी.